चार नॉट वारा, दीड नॉट ओहोटी: मुंबई बंदरातली एक शर्यत

रविवारची शिडाच्या बोटींची शर्यत सकाळी ११ची होती आणि तिथी शुद्ध द्वादशी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे पूर्ण भरती नऊच्या सुमाराला. छापील तक्त्यात वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे निघतात, पण बेत आखायला पाऊणकी पुरते. त्या दिवशी आम्ही सव्वानऊ धरली. तिथून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास, आणि पाणी या सगळ्या वेळात सारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. तिसरा आणि चौथा तास सव्वाअकरा ते सव्वाएक. ऐन शर्यतीची वेळ.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. मार्चमध्ये रात्री जमीन गार होते आणि पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटतो. बंदरात तो ईशान्येकडून येतो. सकाळी नऊपर्यंत पाच-सहा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), दहानंतर चार, अकरानंतर विरायला लागतो. जमीन पुरेशी तापली की बारा-एकच्या दरम्यान वायव्येकडून खारा वारा भरतो. या दोघांच्या मधला जो अर्धा-पाऊण तास असतो त्यात समुद्र तेलासारखा पडून राहतो.

आता हे दोन्ही एकत्र मांडून बघा. ओहोटी बंदरातून नैऋत्येला, उघड्या समुद्राकडे जाते. मतलईही नैऋत्येलाच वाहतो. जेट्टीवर उभं राहून मोजला तर वारा चार नॉट. पण बोट पाण्यावर आहे आणि पाणीच दीड नॉटने वाऱ्याच्या दिशेनं पळतंय. म्हणजे शिडाला मिळणारा वारा उरला अडीच नॉट. भरती असती तर तोच वारा साडेपाच नॉटचा झाला असता. वर, म्हणजे वाऱ्याकडे, जाताना किंवा खाली, म्हणजे वाऱ्याबरोबर, येताना, दोन्ही वेळी हा हिशेब लागू पडतो. म्हणून आम्ही मुंबईत हलक्या वाऱ्याची तयारी पंचांगापासून करतो, शीड त्यानंतर.

बोट एंटरप्राइझ. जॅक होल्टने १९५६ साली आखलेली, ४.०४ मीटर लांबीची, दोन माणसांची प्लायवूडची बोट. निळी शिडं ही तिची ओळख. मेनसेल (मोठं शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड) एवढंच, स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जाताना लावायचं फुग्यासारखं शीड) नाही. १९८२च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या, त्यात हा वर्ग होता आणि त्याचं सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या जोडप्यानं नेलं. या बोटीला हलका वारा मानवतो, कारण वजनाच्या मानानं शीड मोठं आहे. पण तिचा तळ कोनदार आहे, आणि बोट पाण्यात कशी बसवली यावर तिचा वेग फार बदलतो. त्याकडे पुढे येतोच.

तयारी आदल्या संध्याकाळी. हवेच्या टाक्यांचे डाट काढून बोट नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) उचलून धरली आणि आत साचलेलं पाणी वाहून जाऊ दिलं. एक बादली पाणी म्हणजे दहा किलो, आणि शर्यतीत दहा किलो फुकट वाहून न्यायचे कशाला. तळ साबणानं धुतला, नंतर ८०० नंबरच्या पाणकागदानं नाळेपासून मागे हलक्या हातानं घासला. बंदरात चार दिवस उभ्या राहिलेल्या बोटीच्या तळावर बोटाला लागेल न लागेल असा बुळबुळीत थर धरतो. जोराच्या वाऱ्यात तो जाणवत नाही. दोन नॉटला बोटीला अडवणारी गोष्ट म्हणजे तळाचं पाण्याशी घर्षण, लाट फोडायला लागणारी ताकद तिथे नगण्य असते. म्हणून हा थर काढायचाच. सेंटरबोर्डच्या (बोट बाजूला घसरू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) खाचेखालची रबराची पट्टी तपासली. ती फाटली की खाचेत पाणी घुसळतं आणि बोट चालताना गुळगुळ आवाज येतो. तो आवाज आला की वेग गेला समजायचं. तळातला बेलर (आतलं पाणी बाहेर काढायची झडप) बंद केला आणि शर्यतभर बंदच ठेवायचा ठरवला. उघडा बेलर वेगात पाणी बाहेर ओढतो, संथ बोटीत उलट आत घेतो.

दोऱ्या बदलल्या. मेनशीट, म्हणजे मेनसेल ओढायची-सोडायची दोरी, नेहमी ८ मिलिमीटरची असते, त्या दिवशी ६ची लावली, पाणी न पिणारी. जाड ओली दोरी स्वतःच्या वजनानं बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) आत ओढते आणि मंद वाऱ्यात बूमला बाहेर ढकलायची ताकद शिडात नसते. जिबची शीटही बारीक. वरच्या टोकाची बॅटन (शिडात घालायची पट्टी) मऊ घातली, नाहीतर शिडाचा वरचा भाग ताठ राहतो, पोट धरत नाही आणि टॅकनंतर (नाळ वाऱ्यातून नेऊन बोट दुसऱ्या बाजूला वळवल्यावर) उलटत नाही.

दिशा दाखवायला शिडावर लोकरीचे धागे असतात. बंदराच्या दमट हवेत लोकर ओली होऊन शिडाला चिकटते आणि खोटं सांगते. आम्ही दोन्ही बाजूच्या तारांना, डोळ्यांच्या उंचीवर, जुन्या कॅसेटच्या फितीचे वीतभर तुकडे बांधतो. फीत ओली होत नाही आणि गालाला न जाणवणारी झुळूकही पकडते. त्या दिवशी अर्धी शर्यत आम्ही त्या तपकिरी फितीकडे बघत काढली. ती तारेला आडवी झाली की वारा, लोंबली की संपला. क्रूनं, म्हणजे सुकाणूवाल्याच्या जोडीदारानं, हेच मोठ्यानं सांगत राहायचं: "आहे, आहे, पडली, आली."

साडेदहाला बोटी पाण्यात. स्लिपवर बोट उतरवायला मदत करणारे काका नेहमी पाण्याकडे बघूनच बोलतात. "सुकती लागली," एवढंच म्हणाले, म्हणजे ओहोटी. नांगरलेल्या लाँचेसची तोंडं घारापुरीकडे वळायला लागली होती, म्हणजे पाणी त्या बाजूनं यायला लागलं होतं. वाऱ्यापेक्षा नांगरलेल्या बोटी प्रवाहाचं जास्त खरं सांगतात, पण जड लाँच बघायची. हलकी होडी वाऱ्याबरोबर फिरते.

स्टार्ट लाइन ससून डॉकच्या पूर्वेला, वरचा मार्क (वळसा घालायची खूण) ईशान्येला सुमारे पाऊण किलोमीटरवर, गेटवेच्या अलीकडे. दोन फेऱ्या: वर, खाली, वर, खाली. वर जाताना उजवीकडे खोल पाणी, जिथून मोठी जहाजं जातात. डावीकडे कुलाब्याचा किनारा, उथळ, नांगरलेल्या बोटींची गर्दी. प्रवाह खोल पाण्यात जोरात असतो, उथळात तळाशी घासून मंदावतो. स्टार्टच्या आधी वीस मिनिटं आम्ही हेच मोजलं. खोल भागातल्या एका बोयाजवळ जाऊन रिकामी बाटली सोडली: एका मिनिटात ती चाळीस-पंचेचाळीस मीटर गेली, म्हणजे जवळजवळ दीड नॉट. (एक नॉट म्हणजे मिनिटाला ३१ मीटर, हे पाठ असलेलं बरं.) किनाऱ्याकडच्या एका मुरिंगपाशी (बोट बांधायच्या बोयापाशी) तीच बाटली पंधरा मीटर. अर्धा नॉट. बाटली उचलून परत बोटीत घेतली.

या दोन आकड्यांनी शर्यत ठरवली. मधल्या पाण्यात अडीच नॉट वाऱ्यावर एंटरप्राइझ जेमतेम सव्वा नॉट चालते, वाऱ्याकडे तिरकी जाते म्हणून सरळ वर सरकते त्याहून कमी, आणि प्रवाह तिला दीड नॉटने मागे नेतो. तिथे बोट चालेल पण मागे जाईल. किनाऱ्याकडे वारा शिडाला साडेतीन नॉट मिळतो, प्रवाह अर्धा नॉट, आणि मिनिटाला सतरा-अठरा मीटर का होईना, पुढे सरकायला होतं. तेव्हा डावीकडेच जायचं, लाइनच्या डाव्या टोकाच्या बोयापाशी स्टार्ट घ्यायचा.

पाच मिनिटं आधी वर्गाचा झेंडा, चार मिनिटांना निळ्यावर पांढरा चौकोन असलेला पी, एक मिनिटाला पी खाली आणि लांब भोंगा, शून्याला वर्गाचा झेंडा खाली. झेंडा प्रमाण, आवाज फक्त मदतीला. घड्याळ झेंड्यावर लावायचं.

हलक्या वाऱ्यात आणि उलट प्रवाहात सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे लाइनपासून लांब राहणं. रोजच्या सवयीनं लोक तीन-चार बोटींचं अंतर ठेवून थांबतात, शीट सोडतात, आणि पंधरा सेकंदांना पुन्हा ओढतात. जोराच्या वाऱ्यात बोट उडी मारते. इथे शीट ओढल्यावर बोट चालायला वीसएक सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात प्रवाहानं तिला पंधरा मीटर मागे नेलेलं असतं. त्या दिवशी अकरा बोटींपैकी सात शून्याला लाइनच्या बरंच मागे होत्या. आम्ही शेवटची दोन मिनिटं लाइनला लागूनच, शिडं भरलेली ठेवून, लाइनच्या समांतर हळूहळू फिरत होतो. एक मिनिट राहिलं तेव्हा नाळ लाइनच्या थोडी वर होती. हे चालतं: साध्या पी झेंड्याखाली शून्याच्या आधी वर असायला बंदी नाही, शून्याला मात्र अख्खी बोट खाली हवी. पाणी तुम्हाला आपोआप खाली आणतं. आय झेंडा लागला असता तर शेवटच्या मिनिटात वर दिसलेल्या बोटीला टोकाला वळसा घालून यावं लागलं असतं, आणि या प्रवाहात तो वळसा म्हणजे शर्यत गेली. म्हणून आधी झेंडा बघायचा, मग धाडस.

लाइनवर आहोत की नाही हे समजायला डाव्या बोयाच्या मागे किनाऱ्यावरची एक खूण धरून ठेवली होती: एका गोदामाच्या छपराचा कोपरा. बोया आणि कोपरा एका रेषेत आले की आपण लाइनवर. नुसत्या नजरेनं लाइन नेहमी जवळ वाटते.

वर जायला लागल्यावर बोटीत हालचाल बंद. सुकाणूवाला बसतो तो बाजूच्या तारेला जवळजवळ टेकून, क्रू त्याच्या पुढे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, सेंटरबोर्डच्या पेटीला पाठ लावून पसरलेला. दोघं इतके पुढे का? मागची फळी पाण्यातून सुटायला हवी. ती बुडाली की मागे भोवरे उठतात आणि बोट ते ओढत बसते. मागे वळून पाण्याकडे बघायचं: रेघ स्वच्छ असेल तर ठीक, बुडबुडे दिसले तर आणखी एक वीत पुढे. आणि क्रू खालच्या बाजूला असल्यानं बोट दहाएक अंश कलते. याचे दोन फायदे. कोनदार तळाचा एक पैलू पाण्याबाहेर येतो, घर्षण घटतं. आणि वारा शीड भरायला पुरेसा नसला तरी शीड स्वतःच्या वजनानं लोंबून योग्य आकारात राहतं, पुढची झुळूक आली की लगेच कामाला लागतं. सपाट बोटीत तेच शीड आतल्या बाजूला कोसळतं आणि झुळूक त्याला उलगडण्यात खर्च होते. यापेक्षा जास्त कलवायचं नाही, नाहीतर बोट वाऱ्याकडे तोंड करते आणि ती सरळ ठेवायला सुकाणू मारत राहावं लागतं. मंद वाऱ्यात सुकाणू हा ब्रेक आहे. टिलर (सुकाणूचा दांडा) दोन बोटांत धरायचा, मुठीत नाही.

शिडाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: वारा कमी, तर शीड फुगवटेदार. पाच ते आठ नॉटला हे बरोबर. तीन नॉटच्या खाली हवा इतकी आळशी असते की खोल पोटाला वळसा घालता घालता सुटून जाते. म्हणून बूमच्या टोकाला शीड बऱ्यापैकी ताणलेलं, मध्यम सपाट. पुढच्या कडेची दोरी सैल, आडव्या सुरकुत्या दिसल्या तरी चालतील. किकर (बूम खाली ओढून धरणारी दोरी) पूर्ण ढिला, म्हणजे मागची कड वर उघडी राहते. मेनशीट अगदी थोडी. वरच्या बॅटनच्या टोकाला एक रिबीन असते, ती बहुतेक वेळ मागे उडती हवी. ती शिडामागे दडून बसली की शीट जास्त ओढली गेली. जिबचंही तसंच: खालच्या बाजूची शीट एक-दोन इंच जास्तच सोडलेली, बोटांत धरलेली, क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवायची नाही.

वाऱ्याच्या फार जवळून जायचा मोह हा दुसरा घात. बोट वाऱ्याकडे चार-पाच अंश जास्त नेली की छान वर जातेय असं वाटतं, प्रत्यक्षात वेग मरतो, वेग मेला की सेंटरबोर्ड पाणी धरत नाही आणि बोट बाजूला घसरते. आधी वेग, मग कोन. फीत पडली की बोट थोडी खाली सोडायची, वेग आला की केसभर वर.

टॅक कमी घ्यायचे, पण जे घ्यायचे ते नीट. आम्ही असा घेतो. क्रू फितीकडे बघून "आहे" म्हणेपर्यंत थांबायचं, कारण झुळूक नसताना सुरू केलेला टॅक मध्येच अडकतो. बोट खालच्या बाजूला थोडी आणखी कलू द्यायची, ती आपणहून वाऱ्याकडे वळायला लागते. टिलर तिच्या मागे हळू न्यायचा, ढकलायचा नाही. नाळ वाऱ्याच्या रेषेत येताना दोघांनी वाऱ्याच्या बाजूला वजन टाकून बोट आपल्याकडे पाडायची, कड पाण्याला लागायला आली पाहिजे. बूम डोक्यावरून गेला की दोघं एकाच वेळी पलीकडे, आणि बोट सावकाश सरळ करायची. या शेवटच्या हालचालीत शीड हवेतून पंख्यासारखं फिरतं आणि मेलेला वेग परत येतो. शर्यतीच्या नियमांतला नियम ४२ यात एवढंच म्हणतो की टॅक संपल्यावर बोट टॅक न घेतलेल्या बोटीपेक्षा वेगानं जाता कामा नये. एकामागून एक विनाकारण टॅक घेत वल्ह्यासारखं शीड मारत गेलात, टिलर हलवत बोट ढकललीत, किंवा शीट पुनःपुन्हा खेचून वारा घातलात, तर ते नियमभंग. पडत्या वाऱ्यात पंच नेमकं हेच बघत असतात.

तिसऱ्या टॅकनंतर बोट जड झाली. फीत आडवी, शीड भरलेलं, पण शेजारची बोट हळूहळू पुढे सरकतेय. अशा वेळी शिडाला हात लावायच्या आधी खाली बघायचं. सेंटरबोर्ड निम्मा वर उचलला आणि खाचेतून दुधाची रिकामी पिशवी बाहेर आली, फळीला पुढून गुंडाळलेली. बंदरात, विशेषतः ओहोटीला, हे दर शर्यतीत होतं: पिशव्या, हारांचे दोरे, नायलॉन जाळ्याचे तुकडे. लक्षण ठरलेलं आहे. टिलरमध्ये बारीक थरथर येते किंवा नेहमीची येणारी थरथर बंद होते. दर पाच-सात मिनिटांनी बोर्ड आणि सुकाणूचं पातं वर घेऊन खाली सोडायचं, कचरा निघून जातो. पाणी आणखी प्यायल्यासारखी बोट वाटायच्या आत हे करावं.

मांडव्याची लाँच गेली की तिच्या लाटा येतात. दोन नॉट वाऱ्यात त्या लाटा शिडातली हवा झटकून टाकतात, बूम हेलकावतो आणि बोट जागीच थांबते. लाट यायच्या आधी दहाएक अंश खाली उतरून थोडा जास्त वेग घेऊन ठेवायचा, दोघांनी एकमेकांना चिकटून बोटीच्या मध्यावर बसायचं, क्रूनं बूम हातानं बाहेर धरून ठेवायचा. लाटा संपल्या की पुन्हा वर. टॅक लाटांत कधीच नाही.

पहिला वरचा मार्क गाठायला बेचाळीस मिनिटं लागली. किनाऱ्याकडून मार्कवर जाताना शेवटचे दीडशे मीटर खोल पाण्याच्या कडेला होते, त्यामुळे नेहमीच्या रेषेपेक्षा बोटीच्या सहा-सात लांब्या जास्त वर जाऊन वळलो. कमी वर गेलेल्या दोन बोटी मार्कच्या खालून वाहत गेल्या आणि एक मार्कला लागली. लागली म्हणजे एक गिरकी, एक टॅक आणि एक जाइब (बोटीची मागची बाजू वाऱ्यातून नेणारं वळण) असलेली. चार नॉट वाऱ्यात ती दंडाची गिरकी, प्रवाह धरून, अडीच मिनिटं खाते. मार्कच्या भोवती बोटीच्या तीन लांब्यांचं वर्तुळ मानायचं, एंटरप्राइझला बारा मीटर. त्यात शिरताना आतल्या बाजूला ओव्हरलॅप असलेल्या (पूर्णपणे मागे नसलेल्या) बोटीला जागा द्यावी लागते. प्रवाहात ही बारा मीटर फार लवकर संपतात, तेव्हा कोण आत आणि कोण बाहेर हे पंचवीस मीटरवरच ओरडून ठरवून टाकावं.

खाली येताना मात्र सगळं उलटं. आता प्रवाह मदतीला, म्हणून सरळ खोल पाण्यात. सेंटरबोर्ड जवळजवळ पूर्ण वर, जिब काठी लावून विरुद्ध बाजूला उघडलेली, बोट वाऱ्याच्या बाजूला कलवलेली. नाकासमोर वारा घेऊन उभे राहिलो तर तो जाणवत नव्हता, कारण वारा, पाणी आणि बोट तिन्ही एकाच दिशेला जात होते. शिडात काहीच उरत नाही तेव्हा सरळ खाली न जाता वीस-पंचवीस अंश बाजूला तिरकं जायचं. अंतर वाढतं पण बोट चालत राहते. आम्ही ते केलं आणि पुढच्या एका बोटीच्या बरोबरीला आलो.

खालच्या मार्कवर सगळ्यांचा एकच घोळ झाला: मार्क वाटला त्याच्या आधी आला. पाणी पाठीवर असताना मार्कच्या वरच्या बाजूला नेम धरायचा, काठी आणि बोर्ड दोन्ही मार्कच्या साठ-सत्तर मीटर आधी आवरून घ्यायचं. जो मार्कच्या खाली गेला त्याला ते वीस मीटर परत मिळवायला पाच मिनिटं लागतात. आम्ही १२ला मार्क घेतला, काठीचा हूक अडकल्यानं दोन बोटींच्या लांबीएवढं जास्त खाली जाऊन.

१२:०५ला वारा पडला. फिती दोन्ही तारांवर सरळ लोंबत्या. आता वेग आहे की नाही हे नजरेला कळत नाही, बोटीच्या कडेचा बुडबुडा जागचा हलत नाही तरी बोट पाण्याबरोबर प्राँग्सच्या दीपगृहाकडे निघालेली असते. आम्ही ताजचा घुमट आणि त्याच्या अलीकडच्या एका लाँचची डोलकाठी अशी जोडी धरली होती. घुमट डोलकाठीच्या डावीकडे सरकायला लागला. म्हणजे आपण मागे चाललो.

इथे नांगर. शर्यतीचे नियम नांगर टाकायला मुभा देतात, फक्त पुढे निघताना तो बोटीत परत घ्यायचा, अगदीच निघत नसेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे दोन किलोचा घडीचा नांगर आणि २५ मीटर दोरी असते. पाणी पाच मीटर, म्हणजे पाचपट दोरी. नांगर भिरकावायचा नाही, नाळेवरून सरळ खाली सोडायचा, आवाज न करता, शिडाच्या आडून. शेजारच्या बोटींना जितकं उशिरा कळेल तितकं बरं. दोरी ताठ झाली, घुमट आणि डोलकाठी जागी थांबले. पुढच्या वीस मिनिटांत नांगर न टाकलेल्या चार बोटी आमच्यापासून चारशे-पाचशे मीटर नैऋत्येला गेल्या, शिडं वर, माणसं आत बसलेली. त्यांच्याकडे नांगर नव्हते. पंचवीस मीटरची दोरी आणि दोन किलो लोखंड बोटीत ठेवायला जड वाटतं म्हणून.

नांगरावर बसून राहायचं असलं तरी काम असतं. एकानं झेंड्याकडे, दुसऱ्यानं क्षितिजाकडे बघायचं. खारा वारा वायव्येचा, म्हणजे शहराच्या डोक्यावरून येणार. कुलाब्याच्या इमारतींमागे त्याची सावली पडते, किनाऱ्याला लागून उशिरा आणि तुकड्यातुकड्यानं येतो, बाहेर, दक्षिणेला मोकळ्या पाण्यात आधी दिसतो. ससून डॉकमधून निघालेल्या ट्रॉलरच्या काठीवरचं निशाण पहिल्यांदा हललं, १२:३२ला. मग प्राँग्सच्या बाजूला पाण्यावर गडद पट्टा. तो पट्टा येईपर्यंत दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात किकर घेतला, मेनशीट तपासली, दोरी आखडती घेऊन नांगर सुटण्याइतका उभा केला. झुळूक नाळेवर आली तेव्हा नांगर बोटीत होता, चिखलासकट. आधी उचलला असता तर पन्नास मीटर गेले असते, नंतर उचलला असता तर शेजारचा पुढे गेला असता.

सहा-सात नॉट. वर जाण्याचा टप्पा आता वाऱ्याच्या आडवा झाला होता. बोर्ड अर्धा वर, दोघं मागे सरकून बाहेर, बोट सपाट. प्रवाह डाव्या नाळेवरून उजवीकडे आणि मागे ढकलत होता, म्हणून नाळ मार्कवर न धरता मार्कच्या डावीकडे, किनाऱ्याकडे धरली आणि मार्क मागच्या एका खुणेशी जुळलेला ठेवला. खुणेवरून मार्क सरकला की कोन बदलायचा. तीन बोटी सरळ मार्ककडे तोंड करून निघाल्या आणि धनुष्यासारखी वाट काढत खाली वाहत गेल्या. शेवटी त्यांना वाऱ्यावर चढावं लागलं.

मार्कपाशी समितीच्या बोटीवर पांढऱ्यावर निळा चौकोन, एस, दोन भोंगे. शर्यत इथेच संपवली. पहिल्या बोटीला दोन तासांची मुदत होती आणि तिनं १२:४९ला रेषा ओलांडली. आम्ही चौथे, पहिल्या बोटीच्या मागे दोन मिनिटांनी. ही दोन मिनिटं कुठे गेली ते दोन जागी सापडतात: पिशवी दिसायला झालेला उशीर आणि खालच्या मार्कवर अडकलेली काठी.

काठीचा हूक घरी उघडून बघितला, स्प्रिंगमध्ये मीठ गोठलं होतं. शर्यतीनंतर शिडं गोड्या पाण्यानं धुतो, हूक आणि कप्प्या विसरतो. आता दर वेळी हूक गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून, वाळवून, मेणाचा हात फिरवायचा ठरलं आहे. नांगराची दोरी चिखल काढून सुकवून आठाच्या आकारात भरली, म्हणजे सोडताना गुंता होत नाही.

पुढच्या रविवारी वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पाणी नऊपासून चढतं. मतलईच्या समोर भरती. जेट्टीवर चार नॉट दिसला तर पाण्यावर पाचच्या वर मिळेल, वर जाताना खोल पाणी आपलं आणि खाली येताना कुलाब्याची कड. मेनशीट तरी ६ मिलिमीटरचीच लावणार आहोत, आणि वरची बॅटन एक नंबर कडक.